एकाच दारावरच्या चार पाट्या

बसवंत मुतगेकर पेपर उलटा वाचतो. उलटा म्हणजे शेवटच्या पानावरून, आणि शेवटच्या पानावरही अगदी तळाशी जी मुंगीच्या डोळ्याएवढ्या अक्षरांतली ओळ असते तिथून. छापणारा कोण, प्रसिद्ध करणारा कोण, मालक कोण, छापखाना कुठला. ती ओळ वाचून झाली की मग खेळ, मग बाजारभाव, आणि पुढाऱ्यांची भाषणं उरलीच तर दुपारी जेवण झाल्यावर. मल्लेश्वरमच्या दहाव्या क्रॉसवरच्या, म्हणजे दहाव्या आडव्या रस्त्यावरच्या, वाचनालयात तो बावीस वर्षं नोकरीला आहे, आणि बावीस वर्षं तिथली माणसं त्याच्या या सवयीला हसत आली आहेत.

हसणाऱ्यांना त्यामागची हकिगत ठाऊक नसते. बसवंत बेळगावजवळच्या मुतग्याचा. बाविशीत बंगळुरात आला आणि चामराजपेटेतल्या एका छापखान्यात चिकटला. तिथून एक कानडी सांजदैनिक निघायचं, त्याची पानं लावायचं काम याच्याकडे. एके दिवशी घाईत ती तळाची ओळ लावायचीच राहून गेली. चार हजार प्रती छापून, गठ्ठे बांधून झाल्यावर संपादकांच्या ध्यानात आलं. म्हातारा शांत माणूस होता, आवाज चढवला नाही. त्यानं सगळे गठ्ठे सोडायला लावले, रबरी शिक्का बनवून आणला आणि चारही हजार प्रतींवर बसवंतकडून तो मारून घेतला. मनगट सुजून पावासारखं झालं. मग त्याला चहा पाजून संपादक म्हणाले, “बातमी चुकू शकते, माणसंच लिहितात. पण चुकली तर जाब विचारायला जायचं कुणाकडे, ते फक्त या ओळीत असतं.” पुढं एका बड्या कंपनीनं ते सांजदैनिक विकत घेतलं आणि सहा महिन्यांत बंद पाडलं. छापखान्याच्या जागी चपलांचं दुकान आलं. ओळीची सवय मात्र बसवंतला कायमची लागली.

वाचनालयातलं त्याचं काम दिसायला सोपं. सकाळी सहाला पेपर यायचे, प्रत्येकावर शिक्का मारायचा, मधोमध लाकडी पट्टी अडकवायची आणि ज्याच्या त्याच्या उतरत्या स्टँडवर लावायचा. कानडी पेपर खिडकीजवळ, इंग्रजी मधल्या ओळीत, मराठी आणि हिंदी मागं पंख्याखाली. वाचनालय काढलं मल्लेश्वरमच्या चार मराठी आणि सहा कानडी घरांनी मिळून, त्यामुळं भिंतीवरच्या सूचनाही दोन्ही भाषांत. मागच्या अंगाला एक खोली आहे, तिथं बसवंत आणि त्याची बायको कावेरी राहतात. खोली नोकरीबरोबर मिळालेली. नोकरी गेली तर खोलीही गेली, हे दोघांना न बोलता माहीत होतं. एकसष्टाव्या वर्षी बंगळुरात दुसरी खोली शोधायची म्हणजे काय, हे भाडेकरूंनाच विचारावं.

रोजच्या वाचकांत सगळ्यात खडूस मंजुनाथ मेष्ट्रु. मेष्ट्रु म्हणजे मास्तर, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. सकाळी साडेसातला दार उघडलं की पहिलं पाऊल त्यांचं. खिडकीजवळच्या ‘नाडकिरण’पासून सुरुवात, मग ‘होसबेळकु’, मग इंग्रजी ‘गार्डन सिटी मेल’. एखादी बातमी तिन्ही पेपरांत आली तरच खरी मानायची, असा त्यांचा नियम. दोनच पेपरांत असली तर ‘बघू’ म्हणायचे, एकात असली तर हात झटकायचे. या नियमावर त्यांनी अर्ध्या मल्लेश्वरमशी वाद घातले होते आणि बहुतेक जिंकले होते. बसवंतला ते आवडायचे. जो माणूस एका बातमीसाठी तीन स्टँड फिरतो, त्याच्यासाठी सकाळी सहाला शिक्के मारण्यात काही अर्थ आहे, असं त्याला वाटायचं.

मार्चच्या सुरुवातीला एक दिवस यल्लव्वा आत आली. क्रॉसच्या तोंडाशी फुटपाथवर ती मोगरा आणि अबोली विकते. सौंदत्तीकडची बाई, नवऱ्यामागं पंधरा वर्षं त्याच जागेवर बसलेली. पाण्याची बाटली भरायला ती रोज अकराच्या सुमाराला वाचनालयात यायची. त्या दिवशी मेष्ट्रुंनी तिला अडवून अभिनंदन केलं. कशाबद्दल, ते तिला कळेना. तेव्हा त्यांनी तिन्ही पेपर दाखवले. फुटपाथवरच्या सगळ्या फूलवाल्यांना हेब्बाळच्या नव्या बाजारात गाळे मिळणार, मंत्री हालसिद्धप्पा होसमठ यांच्या खात्याची ही योजना, आणि फूलवाल्यांनी आनंदानं सह्या आणि अंगठे देऊन संमती कळवली आहे, अशी बातमी होती.

यल्लव्वाला वाचता येत नाही. ती बसवंतपाशी आली. “अण्णा, स्वल्प नीट वाच की. माझ्या तोंडातनं हूं कधी आलं? तिकडं हेब्बाळात माझी फुलं कोण घेणार? माझी गिऱ्हाईकं हितल्या देवळांची.”

बसवंतनं वाचून दाखवलं. तिन्ही पेपरांत तेच. मेष्ट्रु समजुतीच्या सुरात तिला म्हणाले, की तीन पेपरांत आलंय म्हणजे काहीतरी असणारच, तूच कुठंतरी अंगठा दिला असशील आणि विसरली असशील. आणि यल्लव्वानं खरोखरच स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. रेशनच्या दुकानात दिला होता, दवाखान्यात दिला होता, कुठं दिला होता कोण जाणे. बाई स्वतःवरच शंका घ्यायला लागली हे बघून बसवंतला भलतंच वाईट वाटलं. मेष्ट्रुंचा राग आला, आणि राग कशाबद्दल करायचा तेही सुचेना.

मग त्याला त्याची फाइल आठवली. दरवर्षी मार्चात प्रत्येक पेपर आपल्या मालकीचं निवेदन छापतो. कुणाचा पैसा, कुणाचा हिस्सा, पत्ता काय. ते आतल्या कुठल्यातरी पानावर, शिकवणीच्या आणि भाड्याच्या जाहिरातींच्या शेजारी असतं आणि ते कुणीही वाचत नाही. बसवंत वाचतो, कापतो आणि फाइलला लावतो. त्या आठवड्यातली कात्रणं त्यानं काढली. ‘नाडकिरण’ची मालक एक कंपनी, ‘होसबेळकु’ची दुसरी, ‘गार्डन सिटी मेल’ची तिसरी. नावं तीन. पण पत्ता एकच, इंदिरानगरातली एक इमारत, तिसरा मजला, खोली तीनशे चार. हिस्सेदारांत एक आडनाव पुन्हा पुन्हा येत होतं. होसमठ. मंत्र्यांच्या पत्नी, धाकटे भाऊ, सून. गेल्या वर्षीच्या कात्रणांत यातलं काही नव्हतं. मधल्या वर्षात तिन्ही पेपर गुपचूप विकले गेले होते.

दुपारच्या बसनं बेळगावचा ‘सीमादर्पण’ आला. हा पेपर बसवंतच्या घरचा म्हणायला हरकत नाही. मुतग्याची जत्रा, कुणाच्या तेराव्याची जाहिरात, उसाचा दर, सगळं त्यात. आईच्या मरणाची बातमीसुद्धा त्यात छापून आली होती. त्यानं निवेदनाचं पान उघडलं. तिसरा मजला, खोली तीनशे चार. बसवंत स्टुलावर बसून राहिला. कावेरीनं दोनदा जेवायला हाक मारली ती त्याला ऐकू आली नाही.

छापलेल्यावर एकदम विश्वास ठेवायचा नाही, ही शिकवण छापखान्याचीच. रजेच्या दिवशी तो संपिगे रोडला मेट्रोत बसला, मॅजेस्टिकला बदलून इंदिरानगरला उतरला आणि विचारत विचारत त्या इमारतीपर्यंत गेला. तिसऱ्या मजल्यावर काचेचं एक दार होतं आणि त्यावर पितळेच्या चार पाट्या, एकाखाली एक, घासून लखलखीत केलेल्या. आत टेबलाशी बसलेल्या मुलीला त्यानं मराठीतच विचारलं, की सीमादर्पणचं ऑफिस हेच का. मुलीचा चेहरा खुलला. प्रियदर्शनी नाव तिचं, निपाणीची निघाली. बेळगावच्या ऑफिसात होती, तिथली माणसं कमी केली तेव्हा हिला इकडं पाठवलं. तिनं पाणी दिलं, गावाकडची चौकशी केली, आणि काही लपवण्यासारखं आहे असं तिच्या मनातही नसल्यामुळं सगळं सांगून टाकलं. पाऊसपाणी, क्रिकेट, अपघात ज्याचं त्यानं लिहायचं. मंत्र्यांच्या आणि त्यांच्या खात्याच्या बातम्या मात्र इथून जातात, चारही पेपरांना एकदम, त्या त्या भाषेत तयार करून. तेवढ्यापुरतं काम वाचतं ना सगळ्यांचं, असं ती म्हणाली. बसवंतनं पाणी पिऊन तिचे आभार मानले. मुलगी खरंच भली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बावीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. तीन त्या दिवशीचे आणि ‘सीमादर्पण’ आदल्या दिवशीचा, असे चार पेपर चार स्टँडवर न लावता मधल्या लांब टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि एका जाड पुठ्ठ्यावर कानडी, मराठी, इंग्रजीत लिहिलं, ‘या टेबलावरचे चारही पेपर एकाच घरचे आहेत. खात्रीसाठी त्यांनीच छापलेलं निवेदन बसवंतकडे मागावं.’ अक्षर त्याचं पहिल्यापासून सुरेख. एकही शब्द पदरचा घातला नव्हता, कुणाला नावं ठेवली नव्हती.

मेष्ट्रु आत आले आणि खिडकीजवळचा स्टँड रिकामा बघून भडकले. देवळात जाऊन देवच जागेवर नसावा, तसा त्यांचा चेहरा झाला. पुठ्ठा वाचल्यावर त्यांनी निवेदनं मागून घेतली, भिंग लावून वाचली आणि परत केली. पत्ता एक आहे हे त्यांनी कबूल केलं. पण मालक एक असला म्हणून बातमी खोटी ठरत नाही, ती खोटी आहे हे सिद्ध करून दाखव, असं म्हणाले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. इतर वाचकांनी मात्र पुठ्ठा चवीनं वाचला. दोघांनी कात्रणं मागितली, एकानं आपल्या घरी येणारा पेपर कुणाचा तेही विचारून घेतलं. तेवढ्यानंच बसवंत दिवसभर खुशीत होता.

ती खुशी चौथ्या दिवसापर्यंत टिकली. चौथ्या दिवशी वाचनालयाचे सेक्रेटरी आले. वासुदेवराव शिरगुप्पीकर, बँकेतून निवृत्त, मल्लेश्वरमच्या जुन्या मराठी घरातले. त्यांना वाईट माणूस कुणी म्हणणार नाही. पावसाळ्यात पुस्तकांच्या खोलीत पाणी ठिबकायचं तेव्हा हे सत्तरीचे गृहस्थ स्वतः बादल्या लावत फिरायचे. तीन वर्षं त्यांनी नव्या छपरासाठी दारोदार हिंडून चपला झिजवल्या, आणि अखेर देणगी मिळाली ती मंत्री होसमठांकडून. छप्पर घालून झालं होतं. येत्या रविवारी खुद्द मंत्री उद्घाटनाला येणार होते. आणि मधोमध टेबलावर हा पुठ्ठा.

“बसवंता, मी तुला खोटं लिहिलंस असं म्हणत नाही,” ते म्हणाले. “मी वाचलंय ते. पण आठ हजार पुस्तकं आहेत आत. मंत्र्यांनी बघितलं तर कमिटी माझ्या मानगुटीवर बसेल. रविवारच्या आत पुठ्ठा काढ आणि पेपर जागच्या जागी लाव. नाही काढलास तर मला तुझी खोली रिकामी करून घ्यावी लागेल. सरी?”

बसवंत ‘सरी’, म्हणजे ‘ठीक आहे’, म्हणाला नाही आणि ‘नाही’ही म्हणाला नाही. घरी येऊन त्यानं कावेरीला सांगितलं. ती चकलीचं पीठ मळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, हात धुतले आणि म्हणाली, “काढा. छप्पर पुस्तकांचं हाय, मंत्र्याचं न्हवं. पुठ्ठा फाडू नका तेवढा, कपाटात ठेवा. आणि असं तोंड करून बसू नका, कोण मेलं नाही घरात.”

त्यानं पुठ्ठा काढला. शनिवारी संध्याकाळी चारही पेपर पूर्वीच्या जागी गेले. मेष्ट्रुंनी खिडकीजवळ बसता बसता ‘आता कसं’ अशा नजरेनं बघितलं, आणि बसवंतला लाज वाटली. उघड, सरळ लाज. आपण भ्यालो, खोलीसाठी भ्यालो, हे त्यानं स्वतःपाशी कबूल केलं आणि मुकाट्यानं रविवारसाठी खुर्च्या पुसायला घेतल्या.

रविवारी दहाला मंत्री आले. माणूस बोलायला गोड होता. पुस्तकांची चौकशी केली, छपराकडे मान वर करून बघितलं, बसवंतलाही नमस्कार केला. फोटो काढणाऱ्यांनी त्यांना खिडकीजवळ पेपर वाचत बसवलं, कारण तिथं उजेड चांगला. मेष्ट्रु शेजारच्याच खुर्चीवर होते. वासुदेवराव मागं हारांचं तबक धरून उभे. आणि अकरा वाजता, रोजच्या वेळेला, यल्लव्वा पाण्याची बाटली घेऊन आत आली.

तिला आत कोण आहे ते माहीत नव्हतं. कुणीतरी सांगितलं तशी ती सरळ खिडकीपाशी गेली. टोपलीतला मोगऱ्याचा एक गजरा हातात तसाच होता. तिनं हात जोडले आणि कानडीत, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विनवलं, की साहेब, आम्ही कुणी अंगठा दिलेला नाही, ज्याच्यावर आमचे अंगठे आहेत तो कागद आम्हाला दाखवा, आणि आम्हाला हेब्बाळला पाठवू नका, तिथं आमचं पोट भरणार नाही. मंत्री हसले, पुढं होऊन त्यांनी तिच्या हातातला गजरा घेतला, ‘नोडोणा, नोडोणा’ म्हणाले, म्हणजे बघू या, बघू या. तेवढ्यात फोटो निघाला. वीस मिनिटांत गाड्या गेल्यासुद्धा.

सोमवारी सकाळी सहाला बसवंत शिक्के मारायला बसला. त्या दिवशी तळाच्या ओळीपर्यंत तो पोचलाच नाही. ‘नाडकिरण’च्या पहिल्या पानावर फोटो होता, गजरा घेणारे मंत्री आणि हात जोडलेली यल्लव्वा. खाली लिहिलं होतं, नव्या बाजाराबद्दल मंत्र्यांचे आभार मानताना मल्लेश्वरमची फूलविक्रेती. आत तिच्या तोंडी वाक्यंही होती, आम्ही साहेबांचे जन्मभर ऋणी आहोत वगैरे. ‘होसबेळकु’त तोच फोटो, तीच वाक्यं. ‘गार्डन सिटी मेल’मध्ये तोच फोटो, तीच वाक्यं इंग्रजीत. बसवंतची भीती कुठल्या कुठं गेली आणि संताप आला. आदल्या दिवशी तो स्वतः यल्लव्वापासून चार हातांवर उभा होता.

त्यानं कपाटातला पुठ्ठा बाहेर काढला नाही. कावेरीला विचारलं नाही. तिन्ही पेपर लांब टेबलावर त्या पानावर उघडून शेजारी शेजारी ठेवले, दुपारी ‘सीमादर्पण’ आला, त्यातही तोच फोटो होता, तोही उघडून चौथा ठेवला आणि आपल्या स्टुलावर जाऊन बसला.

मेष्ट्रु नेहमीप्रमाणं साडेसातला आले होते. खिडकीजवळ पेपर नाही म्हणून रागावून टेबलापाशी गेले, फोटो बघितला, खालचा मजकूर वाचला. चष्मा पुसून दुसरा पेपर वाचला. मग तिसरा. मग खुर्ची ओढून खाली बसले. बरेच वाचक जमले होते, रविवारी हजर असलेलेही त्यांत होते. मेष्ट्रुंच्या डोळ्यांत पाणी आलेलं बसवंतनं पहिल्यांदा पाहिलं. त्या माणसाचा आयुष्यभराचा नियम त्याच्या डोळ्यांदेखत खोटा ठरला होता.

“मी तिच्या शेजारी बसलो होतो,” मेष्ट्रु म्हणाले. “चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, की एकच चुकीचं उत्तर तीन वह्यांत सापडलं तर ते बरोबर होत नाही, तीन मुलांनी एकमेकांचं बघून लिहिलंय एवढंच कळतं. आणि इथं मी स्वतः तीन वेळा तीच वही तपासत बसलो होतो.”

मग त्यांनी बसवंतकडे कोरे कागद मागितले. गणिताच्या मास्तरांचं लिहिणं, त्यात फाफटपसारा नव्हता. रविवारी अमुक तारखेला, अमुक वाजता, या खोलीत यल्लव्वा नावाची बाई मंत्र्यांना असं असं म्हणाली. मंत्री असं म्हणाले. आम्ही खाली सही करणारे तिथं हजर होतो आणि आम्ही हे कानांनी ऐकलं. सोमवारच्या पेपरांत छापलेली वाक्यं तिनं उच्चारलेली नाहीत. एवढंच. अकरा वाजता यल्लव्वा आली तेव्हा तिला ते वाचून दाखवलं. मेष्ट्रुंनी तिची माफी मागितली, कानडीत, सगळ्यांसमोर. ती संकोचून गेली. तिनं कागद पुन्हा एकदा वाचायला लावला, प्रत्येक वाक्याला मान हलवली आणि मग अंगठा उठवला. हा अंगठा कुठं दिला ते आता मला पाठ राहील, असं म्हणाली. मंगळवार दुपारपर्यंत छत्तीस जणांनी सह्या केल्या. प्रती करून एक मंत्र्यांच्या खात्याला, चार त्या चार पेपरांना आणि दोन अजून दुसऱ्या मालकांच्या घरी असलेल्या पेपरांना रजिस्टर पोस्टानं धाडायच्या, असं ठरलं.

बातमी बाहेर फुटायला वेळ लागत नाही. मंगळवारी सकाळी मंत्र्यांच्या ऑफिसातून वासुदेवरावांना फोन आला होता, वाचनालयातला कोण शिपाई हे उद्योग करतोय म्हणून. चार वाजता ते आले ते हातात लखोटा घेऊनच. कपाळावर आठ्या, चालण्यात दम नाही. लखोट्यात काय आहे ते बसवंतला न उघडता कळलं. आतल्या दाराशी कावेरी येऊन उभी राहिली. तिनं पदर खोचला होता, म्हणजे सामान बांधायची तिची तयारी होती.

वासुदेवराव पहिल्यांदा टेबलाशी गेले. चार पानं उघडी होती. चारही फोटोंत मंत्र्यांच्या खांद्यामागं, तबक धरून, ते स्वतः उभे होते. चार वासुदेवराव त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांनी मेष्ट्रुंचा कागद उचलला आणि वाचला. सह्यांपाशी येऊन थांबले. सह्या दोन नंबरपासून सुरू झाल्या होत्या. एक नंबरची ओळ कोरी.

“ही का सोडलीय?” त्यांनी विचारलं.

“वाचनालयातनं कुठलाही अर्ज जायचा झाला की पहिली सही सेक्रेटरींची,” बसवंत म्हणाला. “रीतच हाय ती. मेष्ट्रु म्हणाले, रीत मोडायची नाही. तुम्ही केली नाहीत तर तशीच कोरी जाईल.”

बसवंतनं हे उद्धटपणानं म्हटलं नव्हतं. खोलीतले सगळे जण पेपर वाचत असल्याचं सोंग करत होते. मेष्ट्रु तर त्या दिवशीचा ‘सीमादर्पण’ वाचत होते, मराठीचं अक्षर येत नसताना.

“मलाही ऐकू आलं होतं,” वासुदेवराव अखेर म्हणाले. “तबक धरून उभा होतो म्हणून काय झालं. कान उघडेच होते माझे.” त्यांनी पेन मागितलं. टेबलावर पेपर पसरलेले, कागदाखाली धरायला दुसरं काही टणक मिळेना, तेव्हा हातातला लखोटाच दुमडून खाली धरला आणि एक नंबरवर सही केली, हुद्द्यासकट, तारखेसकट, आणि मग एकेक करून सातही प्रतींवर. लखोट्याच्या चार घड्या झाल्या आणि तो त्यांच्या कोटाच्या खिशात गेला. कमिटीला कसं तोंड द्यायचं ते मी बघतो, छप्पर काही कुणी काढून नेत नाही, असं पुटपुटले. दारातल्या कावेरीला डोळे पुसायचे होते, ते तिनं पदर सोडता सोडता पुसून घेतले.

बसवंतनं प्रती पाकिटांत घातल्या आणि पाकिटं गोळा केली. पोस्ट पाचला बंद होतं, पावणेपाच होत आले होते. तो चपला शोधू लागला. वासुदेवरावांनी त्याच्या हातातली सातही पाकिटं काढून घेतली.

“तू कुठं निघालास? वाचनालय सातपर्यंत उघडं असतं,” ते म्हणाले. “तू इथं थांब. पोस्टात मी जातो.”